चाकातली हवा: ऋतू बदलला, घाट उतरला की किती ठेवायची?

टायरमधल्या हवेचा दाब तापमानाबरोबर कमी-जास्त होतो. कारसाठी हिशेब सोपा आहे: तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब सुमारे १ पीएसआय कमी, तेवढंच चढलं की १ जास्त. समजा, ग्वाल्हेरात ऑक्टोबरमध्ये सकाळी २२ अंश असताना ३३ पीएसआय भरले. जानेवारीत पारा ६ अंशांवर आला की नुसत्या थंडीने ते साडेतीसच्या आसपास येतात. त्यात धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय झिरपतोच. म्हणजे तीन महिन्यांत आकडा २७-२८ वर, आणि टायर डोळ्यांना मात्र भरलेलाच दिसतो. ट्यूबलेस टायर बघून हवेचा अंदाज करण्यात अर्थ नाही.

योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो; काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. माणसं नि सामान भरून जाणार असाल तर त्यासाठी वेगळा, जास्तीचा आकडा बहुधा तिथेच दिलेला असतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा वेगळा. ती त्या टायरची कमाल मर्यादा, रोज भरायचा दाब नव्हे.

पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा सावकाश एक-दोन किलोमीटरच चाललेली. हायवेवर तासभर पळून पंपावर गेलात तर टायर तापून दाब ४-५ पीएसआयने वाढलेला असतो. तेव्हा ३३ दिसले म्हणजे खरे २८-२९च आहेत. आणि ३७ दिसले म्हणून हवा सोडायला सांगू नका. सकाळी टायर थंड झाला की तोच कमी पडेल.

‘उन्हाळ्यात टायर फुटतात, म्हणून हवा थोडी कमीच मारा’ हा सल्ला हैदराबादपासून बडोद्यापर्यंत ऐकायला मिळतो. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, त्या घर्षणाने आतून तापते, आणि भर वेगात फुटते. मे महिन्यात सिमेंटच्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत तर ही शक्यता आणखी वाढते. उन्हाळ्यातही पट्टीवरचाच आकडा ठेवायचा, फक्त पहाटे मोजून.

पावसाळ्यात ‘ग्रिपसाठी’ हवा उतरवणंही तसंच. कमी हवेचा टायर साचलेलं पाणी नीट कापत नाही, त्यावर लवकर तरंगायला लागतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. टायर झिजलेला असेल तर हे आणखी लवकर होतं. कारसाठी खाचांची किमान खोली १.६ मिलिमीटर हवी.

बेळगाव-गोवा ये-जा करणाऱ्यांसाठी एक वेगळी गंमत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. तिथे बाहेरच्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सव्वा पीएसआयने कमी असतो, आणि गेज आतल्या-बाहेरच्या दाबातला फरकच दाखवतो. त्यामुळे बेळगावात भरलेले ३३ चोर्ला घाट उतरून पणजीत, त्याच तापमानाला, पावणेबत्तीस दिसतील. पण हिवाळ्यात गोव्याची सकाळ बेळगावपेक्षा उबदार, म्हणून हा फरक बराचसा भरून निघतो. एका ट्रिपसाठी काही करायची गरज नाही. मुक्काम महिनाभराचा असेल तर तिथे नव्याने मोजावं.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तापमानाचा नियम दोन्हींना सारखाच. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो, एवढाच फायदा. फुकट मिळाला तर घ्या. नायट्रोजनवर साधी हवा मारली तर बिघडत नाही. कमी हवेने गाडी चालवण्यापेक्षा ते कधीही बरं.

महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी मोजा. स्वतःचा गेज घेतलेला बरा, कारण पंपावरच्या मशीनचा आकडा प्रत्येक वेळी बरोबर असतोच असं नाही. एकच चाक वारंवार उतरत असेल तर तो हवामानाचा दोष नव्हे. बारीक खिळा, व्हॉल्व्ह किंवा रिमची कड तपासून घ्या. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर नवी लावा, धूळ-चिखल तिथूनच आत जातो. आणि स्टेपनी. तिच्यातली हवा वर्ष-वर्ष कोणी बघत नाही. लहान आकाराची असेल तर तिचा आकडा वेगळा असू शकतो, तो तिच्यावरच लिहिलेला असतो.