जिन्यावरचा गालिचा आणि सुंभाचा पीळ

जिना फारशी, पायरी मात्र घरची. फारशीतला 'झीना' शिडीलाही लागू पडे आणि पायऱ्यांच्या रांगेलाही; आपल्याकडे तो दुमजली वाड्यांबरोबर रुळला असावा. त्याआधी 'सोपान' होता, 'निःश्रेणी' होती, आणि जुन्या मराठीतली 'निसण' म्हणजे शिडी ही त्या निःश्रेणीचीच लेक दिसते. पायरीत संस्कृत 'पाद' उघडच उभा आहे. सबंध रचनेचे नाव पाहुणे आले, पण जिथे पाऊल पडते त्या जागेचे नाव भाषेने आपलेच ठेवले. झिजते तीही हीच जागा. वर्दळीच्या जिन्यावर कशाचा गालिचा टिकेल, हा प्रश्न म्हणूनच पायरीचा आहे, आणि त्याचे बरेचसे उत्तर आपल्या शब्दांत दडलेले आहे असे मला वाटते.

आधी गालिचाच घेऊ. फारशी 'काली' म्हणजे मोठे जमिनीवरचे अंथरूण. त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'कालीचा' किंवा 'गालीचा' झाला. बागेचा बगीचा आणि देगेचा देगचा झाला तो याच प्रत्ययाने. हिंदीतले 'कालीन' याच घरातले. मूळ 'काली' कुठली? आजच्या तुर्कस्तानातल्या एर्झुरुम शहराला अरब भूगोलकार 'कालीकला' म्हणत आणि तिथल्या गालिच्यांची ख्याती सांगत. शब्द त्या गावाचा असावा, असे मानण्याची परंपरा जुनी आहे. तसे असेल तर जिन्यावरची चिंचोळी पट्टी हीच खऱ्या अर्थाने 'गालिचा', आणि दिवाणखाना भरून टाकणारा तो 'काली'.

सतरंजीचा प्रवास याहून लांबचा. तिच्यात सात रंग शोधणे मोहाचे आहे, पण तिचे मूळ 'चतुरंग'. सैन्याची चार अंगे खेळाच्या पटावर उतरली, पहलवीत 'चतरंग' झाली, अरबीत 'शतरंज', आणि त्या पटासारखी चौकड्यांची वीण ती 'शतरंजी'. संस्कृत शब्द इराण-अरबस्तान फिरून सुती वस्त्र होऊन घरी परतला. सतरंजीला लव नसते. टाच थेट विणीवर पडते आणि पायरीच्या कडेवर सूत लवकर तुटते. बसायला ती उत्तम, चढायला नव्हे.

लव हा शब्द इथे मोलाचा. गालिच्यावरच्या उभ्या तंतूंना यापेक्षा नेमके नाव सापडणार नाही. 'लोम' म्हणजे अंगावरचा केस, त्यापासून लव. आणि जुन्या लेखनात 'लोंकर' असा अनुस्वार मिरवणारी लोकर याच लोमाची नातलग असावी. हिंदीने 'ऊर्णा'पासून 'ऊन' घेतले. ही ऊर्णा इंग्रजी 'वूल' आणि लॅटिन 'लाना' यांची सख्खी बहीण. मराठीत मात्र 'उष्ण'पासून आलेल्या उन्हाने ती जागा आधीच अडवली होती. लोकर टिकून राहण्याचे हेही एक कारण असू शकेल. लोकरीचा तंतू जन्मतः नागमोडी असतो. दाबला की वाकतो, पाय उचलला की पुन्हा उठतो. म्हणूनच जिन्यांवर गालिचे घालण्याची रीत जिथे घरोघर आहे त्या इंग्लंडात ऐंशी टक्के लोकर आणि वीस टक्के नायलॉन हे मिश्रण वर्षानुवर्षे चालत आले आहे.

वनस्पतींच्या राठ तंतूंत ताग सर्वांत मऊ, आणि जिन्यावर सर्वांत दुबळा: ओला झाला की त्याचा जोर ओसरतो. इंग्रजीतला 'जूट' बंगाल-ओडिशाकडून गेला. त्यामागे संस्कृत 'जूट', म्हणजे जटांचा अंबाडा, दिसतो. घायपाताचा तंतू, ज्याला जग मेक्सिकोतल्या एका बंदरावरून 'सिसल' म्हणते, चिवट खरा, पण पायाखाली खरखरीत लागतो आणि पाण्याचा डाग धरतो. काथ्या राकट, दारातल्या पायपुसण्याला योग्य. इंग्रजांनी त्याला 'कॉयर' म्हटले ते मल्याळम 'कयर'वरून, म्हणजे दोरावरून.

आता कारखान्यातले शब्द. नायलॉन 1938 साली जाहीर झाले. त्याचे पहिले अक्षर कुठून आले यावर अनेक गोष्टी रचल्या गेल्या. शेवटचा 'ऑन' मात्र कॉटन आणि रेयॉन यांच्या नमुन्यावर जोडला गेला. कॉटन म्हणजे अरबी 'कुत्न', आपल्या जुन्या 'कुतनी' कापडातला. पॉलिप्रॉपिलीन तर याहून रंजक. ग्रीक 'पॉली' हा संस्कृत 'पुरु'चा भाऊ. पुढच्या 'प्रॉप'मध्ये 'प्रोटोस' म्हणजे पहिला आणि 'पियोन' म्हणजे चरबी, आणि हा पियोन आपल्या 'पीवन्'चा, म्हणजे पुष्टाचा, आप्त. योगायोग असा की या तंतूवर पाण्याचा डाग बसत नाही, तेलकट डाग मात्र घट्ट चिकटतो. स्वस्त आहे, पण दबलेली लव सहसा उठत नाही. नायलॉनची उठते.

पण टिकाऊपणा केवळ तंतूच्या जातीत नसतो. फारशी-उर्दूत टिकाऊ वस्तूला 'पायदार' म्हणतात, पाय रोवून राहणारी. आपण 'मजबूत' म्हणतो. हा अरबी 'ज़ब्त' धातूचा शब्द, म्हणजे 'जप्ती'चा सख्खा भाऊ. घट्ट धरलेले ते मजबूत. गालिच्याची परीक्षा नेमकी हीच. त्याचा तुकडा लव बाहेरच्या बाजूला येईल असा दुमडावा. लव फाकून खालची वीण उघडी पडली तर तंतू विरळ आहेत. पायरीची कड रोज हीच दुमड घालते, आणि विरळ गालिचा पहिल्यांदा फाटतो तो तिथेच.

दुसरी परीक्षा पिळाची. सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी, संस्कृत 'शुल्ब'च्या कुळातला असावा. यज्ञवेदी मापणाऱ्या शुल्बसूत्रांतला तोच शुल्ब. 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाही' ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. पण पीळ आला 'पीडयति'वरून, पीडा आणि पीळ एकाच पोटचे. आणि सूत कणखर होते ते या पिळामुळेच. नायलॉनच्या धाग्याला पीळ देऊन उष्णतेने तो कायमचा बसवतात; म्हणीत आग ज्याचे काही बिघडवू शकत नाही, त्या पिळाला इथे आगच पक्के करते. तेव्हा दुकानात रंग पाहण्याआधी लवेचे एक टोक चिमटीत धरावे. ते फुलून मोकळे झाले तर गालिचा निजायच्या खोलीत घालावा. घट्ट राहिले, तंतू दाट असले आणि ते लोकरीचे वा नायलॉनचे असले, तर तो जिन्यावर न्यायला हरकत नाही.