बशीर, शमनाद
(१४ मे १९७६–ऑगस्ट २०१९). भारतीय बौद्धिक संपदा कायद्याचे प्राध्यापक. जन्म केरळातील कोल्लम जिल्ह्यात. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातून (नॅशनल लॉ स्कूल) विधी पदवी. काही काळ दिल्लीत वकिली. पुढे ऑक्सफर्डमधून बी.सी.एल., एम.फिल. आणि डी.फिल. (यांतील बी.सी.एल. नावाला ‘बॅचलर’ असली, तरी पदव्युत्तर पदवी आहे). अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर २००८ मध्ये ते कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात बौद्धिक संपदा अध्यासनाचे प्राध्यापक झाले. २०१४ चे इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळाले.

पेटंट आणि प्रवेशपरीक्षा या दोन्हींकडे त्यांनी एकाच प्रश्नातून पाहिले : दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद? नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिव्हेक’ या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात कोणत्याही पक्षाची वकिली न करता, अभ्यासक या नात्याने त्यांनी सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा अर्थ लावून न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारले.

‘फॉर्म २७’ हा त्यांचा खास विषय. पेटंट भारतात खरोखर वापरात आहे का, याचे विवरण पेटंटधारकाने या नमुन्यात भरायचे असते. मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी ९ मार्च २०१२ रोजी बायरच्या ‘नेक्साव्हार’ या कर्करोगावरील औषधासाठी, पेटंट भारतात पुरेसे वापरात नाही हेही एक कारण मानून, नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना उत्पादनाची परवानगी) दिला, तेव्हा अशा विवरणाचे मोल दिसले; औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. अनेक पेटंटधारक हे विवरण भरत नाहीत किंवा अर्धवट भरतात, अशी तक्रार घेऊन बशीर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. हा नमुना २०२० मध्ये बदलण्यात आला.

वंचित मुलांना विधी शिक्षणापर्यंत पोचवण्यासाठी त्यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ संस्था स्थापन केली. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ या प्रवेशपरीक्षेतील गोंधळाविरुद्धही त्यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली.

बौद्धिक संपदा कायद्याचा पुढे अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी पदव्युत्तर प्रवेश : बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एलएल.एम.साठी एलएल.बी.ला किमान ५० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ४५ टक्के) गुण आणि पदव्युत्तर ‘क्लॅट’ लागते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात, वयाची अट नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेशही याच परीक्षेतून होतात. सहायक प्राध्यापक व्हायचे, तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि त्यासोबत नेट, सेट किंवा नियमांत बसणारी पीएच.डी. हवी. बौद्धिक संपदेत विशेष अभ्यास करण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. मात्र पेटंट एजंटाच्या परीक्षेला बसायचे, तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी असावी लागते.