मॅग्निटोगोर्स्कहून दुर्गला

मे 1959. नागपूरला गाडी बदलून झाली आहे आणि खिडकीच्या गजाला लागलेला हात तुम्ही झटकन मागे घेता. गोंदिया गेलं, डोंगरगडची टेकडी गेली, राजनांदगावही गेलं. आजचं तुमचं पुणं-नागपूर घटकाभर विसरा. आत्ता तुम्ही युरलकडच्या मॅग्निटोगोर्स्कच्या एक बाई आहात. शेजारी नवरा, मांडीवर डोकं टाकून झोपलेली मुलगी, पायाशी सुटकेसा. मॉस्को-दिल्ली विमानसेवा गेल्याच वर्षी सुरू झाली, त्या विमानात चढताना अंगावर लोकरीचा कोट होता. दुर्गला उतरताना तो कोट कुठे ठेवावा, हा तुमचा परदेशातला पहिला प्रश्न.

नवरा रूळ बनवणाऱ्या मिलच्या उभारणीसाठी आला आहे. 2 फेब्रुवारी 1955 ला दिल्लीत करार झाला, त्यानुसार सोव्हिएत कर्जावर दुर्गशेजारी भिलाईला वर्षाला दहा लाख टनांचा पोलाद कारखाना उभा राहतोय. व्याज अडीच टक्के, फेड बारा वर्षांत. पहिली झोतभट्टी यंदाच्या फेब्रुवारीतच राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुरू करून दिली. इथल्या सोव्हिएत अभियंत्यांचे प्रमुख डिम्शित्स यांनी मॅग्निटोगोर्स्कमध्येही बांधकामं केलेली, त्यामुळे नवऱ्याला साहेबाचा स्वभाव आधीपासून ठाऊक. धूळ, क्रेनी, अर्धवट रस्ते, एकसारखी घरं हे सगळं तुम्हालाही ठाऊक आहे. तुमचं गावही तीस वर्षांपूर्वी माळरानावर असंच उठलं होतं. म्हणून टाउनशिपचं तुम्हाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते रात्री अकरालाही तापलेल्या भिंतीचं.

पहिल्या आठवड्यात तुम्ही घराबाहेर पडतच नाही. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं, पाणी उकळायचं, भाजी पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवायची, मच्छरदाणी खोचायची. यातच दिवस सरतो. मुलगी काळा पाव मागते. राय नावाचं धान्य इथे कोणी पेरत नाही, हे सहा वर्षांच्या पोरीला कसं सांगणार? कोबी मागितला तर भाजीवाला हसतो आणि बोटांवर महिने मोजून दाखवतो. थंडीत या.

रस्त्यापलीकडे नागपूरच्या वहिनी राहतात. त्यांचे यजमान कारखान्याच्या हिशेबखात्यात. एका दुपारी त्या पितळी तांब्या घेऊन येतात, हिरवट पिवळं काहीतरी पेल्यात ओततात आणि आधी स्वतः एक घोट घेऊन दाखवतात. कैरीचं पन्हं. गूळ आणि मीठ एकत्र लागतं तेव्हा तुमचा नवरा मान डोलावतो. पोलादाच्या भट्ट्यांवर तुमच्याकडेही कामगारांना मीठ घातलेला सोडा देतात. घामातून गेलेलं मीठ परत भरायचं, ही अक्कल दोन्हीकडे पोचलेली.

पुढे दह्याचं जमतं. वहिनी मलमलीत दही टांगतात. आतला चक्का बघून तुमचे डोळे चमकतात, कारण घरी तुम्ही हाच खाता, फक्त फाटलेल्या दुधाचा. त्या साखर आणि वेलदोडा घालून श्रीखंड घोटतात; तुम्ही त्यात अंडं-मैदा कालवून तव्यावर छोट्या चपट्या वड्या भाजता. वहिनी अंडं बघून दोन पावलं मागे सरतात. त्यानंतर प्रत्येकीचा चक्का वेगवेगळ्या भांड्यात. सोव्हिएत कुटुंबांच्या भिलाईबद्दल जे लिहिलं गेलं, ते बहुतेक मैत्रीच्या भाषणांसारखं वाटतं. या वेगळ्या भांड्यांची नोंद त्यात कुठून असणार?

बाजार मात्र तुम्हाला रडवतो. नवे पैसे येऊन दोन वर्षं झाली तरी भाजीवाला आण्यातच बोलतो. तुम्हाला किलो ठाऊक, तो सेर घेऊन बसलेला. त्यात पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच! तुमच्या शाळेत शिकवलेल्या आकड्यांच्या मधल्या फटींतही इथे आकडे राहतात. वहिनी ओट्यावर खडूने लिहून शिकवतात. त्या बदल्यात त्यांची मुलं तुमच्याकडून रशियन आकडे घेतात आणि गल्लीत आट्यापाट्या खेळताना ओरडतात.

काम करायला येणारी बाई जवळच्या गावची, छत्तीसगढी. दुपारी ती पडवीत बसून रात्रभर पाण्यात भिजलेला भात, बासी, कांद्याशी खाते. तुम्ही चव घेता. आंबूस. घरी उन्हाळ्यात पावाचं आंबवलेलं क्वास पीत होतात, ते आठवून गळा दाटून येतो. बाई कारखान्याच्या चिमण्यांकडे हात करून काही सांगते. वहिनी हिंदीत आणि खुणांनी समजावतात: हिच्या नवऱ्याचं शेत तिथे होतं.

मग स्वतःचं सांगतात. दुर्ग जिल्हा 1956 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. एक नोव्हेंबरला राजधानी भोपाळ झाली आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. पुढच्या मे महिन्यात ते महाराष्ट्रात जाईल. ‘मी हाय तिथंच हाय बापा, राज्यच उचलून नेलं,’ वहिनी म्हणतात. गल्लीत मल्याळी, तेलुगू, पंजाबी, बंगाली, सगळे बाहेरचे. त्यांच्यात तुम्ही सर्वांत लांबून आलेल्या, पण परतीचं तिकीट फक्त तुमचं ठरलेलं आहे. शेत गेलेल्या बाईला परतायला जागाच नाही, आणि ती मात्र इथली.

फेब्रुवारी 1960 मध्ये ख्रुश्चेव्ह येऊन जातात, रस्ते धुतले जातात, मुलीला हातात झेंडा मिळतो. त्याच वर्षी रुळांची मिल चालू होते. दुसरा उन्हाळा पहिल्याइतका जाचत नाही. कांदा खिशात ठेवून बाजारात जाता. मुलगी आता झोपेत हिंदी बडबडते, आणि आजीला लिहिलेल्या पत्रात तिच्या चुका वाढू लागतात. नवऱ्याला त्याचं हसू येतं. तुम्हाला येत नाही.

1961. मुदत संपते. आवराआवर सुरू होताच शेजारीपाजारी घिरट्या घालू लागतात. रशियन सामान टिकाऊ, अशी ख्याती आहे. वहिनी किमा काढायचं लोखंडी यंत्र उचलून बघतात. कुरडयांचा चीक यातून निघेल का, असा विचार चेहऱ्यावर दिसतो. मग त्यात काय दळलं होतं ते आठवतं आणि यंत्र झटकन खाली जातं. वहिनी तुमच्या ‘फेड’ या सोव्हिएत कॅमेऱ्याकडे वळतात.

‘कितीले देता?’

‘पावणेदोनशे,’ तुम्ही म्हणता.

‘सव्वाशे.’

‘दीडशे,’ तुम्ही म्हणता आणि कॅमेरा परत कातडी पाकिटात घालू लागता.