विद्यापीठाचे कुंपण : एका पदवीचा पूर्वेतिहास

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठसमूहाने २००९ साली ‘सस्टेनेबल मॅनेजमेंट’ या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. पार्कसाइड, रिव्हर फॉल्स, स्टाउट आणि सुपीरियर या चार विद्यापीठांनी आपापले प्राध्यापक एकत्र आणून तो उभा केला होता आणि तो संपूर्णपणे ऑनलाइन होता. पदवी अर्ध्यावर सोडून नोकरीधंद्याला लागलेली प्रौढ माणसे डोळ्यांसमोर ठेवून त्याची रचना झाली होती. हिशेब, विपणन आणि पुरवठा साखळी यांच्या जोडीला ऊर्जा, पाणी, परिसंस्था हे विषयही त्यात होते. पुढे २०१३ मध्ये त्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमाचीही जोड मिळाली.

अशा पदव्या आता उदंड झाल्या आहेत. संगणक आला, महाजाल आले, म्हणून शिक्षण घरी पोहोचले. हवामानबदलाची चर्चा वाढली, म्हणून व्यवस्थापनात पर्यावरण शिरले, अशी त्यांची उपपत्ती सर्रास सांगितली जाते. ती अपुरी आहे असे मला वाटते. विस्कॉन्सिनपुरते बोलायचे तर या पदवीचे दोन्ही धागे, घरी पोहोचणारे विद्यापीठ आणि मुद्दल न मोडता चालवायचा धंदा, शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या हातात होते. त्या धाग्यांचा इतिहास पाहिला तर अशा अभ्यासक्रमाकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलते.

प्रथम शब्दाचा थोडा विचार करू. मराठी शिकवणाऱ्याला तो टाळता येत नाही. ‘सस्टेनेबल’ला आपण सरकारी मराठीत ‘शाश्वत’ म्हणतो. शाश्वत म्हणजे नित्य, सनातन, ज्याला नाश नाही असे. ते विशेषण आत्म्याला शोभते. जंगलाला, विहिरीला किंवा कारखान्याला ते कसे लावायचे? मूळ कल्पना इतकी भव्य नव्हती. सॅक्सनीतील खाण अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स याने १७१३ साली वनविषयक ग्रंथ लिहिला, तो खाणी आणि भट्ट्यांना लागणारे लाकूड संपत चालले होते म्हणून. जेवढे वाढते तेवढेच तोडावे, म्हणजे पुढेही तोडता येईल, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये, हे आपल्याकडचा कोणताही सावकार सांगेल. म्हणजे ही कल्पना जन्मली ती धंद्याच्या गरजेतून. पर्यावरणाचा कळवळा तिला नंतर येऊन मिळाला.

विस्कॉन्सिनने नेमके मुद्दल मोडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्याच्या उत्तर भागातील पाइनची अरण्ये कापली गेली आणि शतकाच्या अखेरीस लाकूड उत्पादनात हे राज्य देशात अग्रेसर ठरले. तोडीनंतर मागे पडलेला वाळका पालापाचोळा पेट घेई. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी पेश्टिगो गाव आणि त्याच्या आसपासचा प्रदेश अशा वणव्यात जळून गेला. किमान बाराशे माणसे मेली. त्याच रात्री शिकागोला आग लागली होती. जगाने लक्षात ठेवली ती शिकागोची. जंगल संपत आले तेव्हा धंदा पुढे सरकला. या भागात गबर झालेल्या फ्रेडरिक वायरहॉयझरने १९०० साली दूर पॅसिफिक किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात नऊ लाख एकर वनजमीन विकत घेतली. ज्याला पुढे जाता येते त्याला टिकवण्याची गरज भासत नाही.

ज्यांना पुढे जाता येत नव्हते त्यांचे काय झाले, हेही याच राज्यात पाहायला मिळते. मेनॉमिनी या आदिवासी जमातीच्या वाट्याला १८५० च्या दशकातील तहांनंतर सुमारे दोन लाख पस्तीस हजार एकर राखीव प्रदेश उरला. विकून जावे कुठे? त्यांनी जंगल तोडले, विकले, लाकडाची गिरणी चालवली. पण वाढीच्या हिशेबाने. १८५४ पासून त्या जंगलातून दोन अब्ज बोर्ड फुटांहून अधिक लाकूड निघाले, आणि तरी आज तिथे उभे असलेले लाकूड त्या वर्षी होते त्याहून जास्त आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात त्यांच्या प्रदेशाची हद्द गडद हिरव्या चौकोनासारखी उठून दिसते. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकाला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. मात्र याच जमातीचे कायदेशीर अस्तित्व अमेरिकी संसदेने १९५४ च्या कायद्याने संपवायला काढले आणि १९६१ मध्ये ते संपवलेही. जमात ‘आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी’ झाली आहे, हे त्यामागचे एक कारण होते! नीट चालवलेल्या धंद्याची ही शिक्षा म्हणायची. १९७३ मध्ये, मोठ्या लढ्यानंतर, त्यांना ते अस्तित्व परत मिळाले.

आता विद्यापीठाकडे येऊ. चार्ल्स व्हॅन हाइस याचा जन्म १८५७ चा, विस्कॉन्सिनमधल्याच एका लहान गावातला. हा भूगर्भशास्त्रज्ञ. मॅडिसनच्या विद्यापीठाने दिलेली पहिली पीएच. डी. १८९२ साली त्यालाच मिळाली आणि १९०३ मध्ये तो त्या विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. राज्यातील प्रत्येक कुटुंबापर्यंत विद्यापीठाचा लाभ पोहोचल्याखेरीज आपल्याला समाधान नाही, अशी भूमिका त्याने १९०५ मध्ये मांडली. राज्याची सीमा तीच विद्यापीठाची सीमा, हे ‘विस्कॉन्सिन आयडिया’ या नावाने पुढे रूढ झालेले सूत्र या भूमिकेतून आले. १९०७ च्या सुमारास विद्यापीठाच्या विस्तार विभागाची नव्याने बांधणी झाली आणि टपालाने शिकवण्याचे काम जोमाने सुरू झाले.

हाच व्हॅन हाइस १९१० मध्ये अमेरिकेच्या नैसर्गिक संपत्तीच्या संवर्धनावर एक पाठ्यग्रंथ लिहितो: कोळसा किती, लोखंड किती, पाणी, जंगल, माती किती आणि त्यांचा खर्च कोणत्या वेगाने चालला आहे. आणि १९१२ मध्ये मोठ्या व्यापारी मक्तेदाऱ्यांचे नियमन कसे करावे यावर दुसरा ग्रंथ लिहितो. दूरस्थ शिक्षण, संवर्धन आणि उद्योग हे तिन्ही विषय एका टेबलावर! २००९ च्या पदवीची विषयपत्रिका जणू तिथेच तयार झाली होती. आपल्याकडे अशी सांगड घातली ती जे. सी. कुमारप्पांनी. तेही मुळात हिशेबतपासनीस, सिरॅक्यूज विद्यापीठाचे व्यवसाय प्रशासनाचे पदवीधर. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करता करता संपणाऱ्या साठ्यावरचे आणि वाहत्या प्रवाहावरचे अर्थकारण यांत त्यांनी भेद केला. त्यांचे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ १९४५ चे, तुरुंगात लिहिलेले. व्यवस्थापनाच्या किती भारतीय अभ्यासक्रमांत ते वाचले जाते, हा प्रश्न मी इथे नुसता विचारून ठेवतो.

व्हॅन हाइसच्या आधीही हे विद्यापीठ शेतकऱ्याच्या दारात जात होतेच. तिथल्या स्टीफन बॅबकॉकने १८९० मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत काढली आणि तिचे पेटंट न घेता ती सर्वांना खुली केली. दुधाला वजनावर भाव होता तोवर पाणी घालणाऱ्याचे फावत होते. फॅटवर भाव मिळू लागल्यावर चांगली गाय पाळणे परवडू लागले. आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी ‘फॅट किती लागली?’ असे विचारणाऱ्याला या परीक्षणाचे मोल सांगायला नको. गव्हाने जमिनीचा कस काढलेल्या त्या राज्यात दुग्धव्यवसाय रुजला तो अशा कामांतून.

परंतु इतिहास सांगायचा तर सोयीचा तेवढाच सांगून चालत नाही. कापलेल्या अरण्याच्या जागी शेती पिकेल, असा प्रचार याच विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाच्या अधिष्ठात्याने केला. विल्यम हेन्री हे त्यांचे नाव, आणि १८९६ च्या सुमारास निघालेली त्यांची पुस्तिका नव्या वसाहतकऱ्यांसाठी होती. माणसे आली, बुंधे उपटत राहिली, थंडीने आणि रेताड मातीने हरली. १९२० च्या दशकात उत्तरेकडील कितीतरी जमिनींचा करही भरला जाईना. मग त्याच विद्यापीठाच्या विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगाव सभा घेऊन कुठे शेती करू नये हे ठरवायला मदत केली, आणि १९३३ मध्ये ओनायडा काउंटीने देशातील पहिला ग्रामीण जमीनवापर नियम केला. घरोघरी पोहोचणे हा आपोआप गुण ठरत नाही. चुकीचे ज्ञानही तितक्याच तत्परतेने पोहोचते. ते दुरुस्त झाले, कारण शिकवणारे तिथेच राहत होते आणि निकाल त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

टपालानंतर आकाशवाणी आली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून वाढलेल्या केंद्रावर १९३१ मध्ये ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाली. एकशिक्षकी खेड्यातल्या शाळांत मुले रेडिओभोवती बसू लागली. १९३३ पासून त्यावर वेकलिन मॅकनील ‘रेंजर मॅक’ या नावाने निसर्ग आणि संवर्धन शिकवीत आणि सुमारे दोन दशके शिकवीत राहिले. त्याच १९३३ साली आल्डो लिओपोल्ड वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक म्हणून या विद्यापीठात आले. ‘व्यवस्थापन’ हा शब्द तिथे व्यापारशाखेच्या नव्हे, तर रानाच्या संदर्भात प्राध्यापकाच्या पदनामात बसला, ही गोष्ट गमतीची आहे. लिओपोल्डने नदीकाठची एक कस गेलेली शेतजमीन विकत घेऊन तिथे कुटुंबासह हजारो झाडे लावली. त्याचे ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ त्याच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये, प्रसिद्ध झाले. पुढे २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन पाळला गेला, तो ज्यांच्या पुढाकाराने ते सिनेटर गेलॉर्ड नेल्सनही विस्कॉन्सिनचेच.

दूरस्थ शिक्षणाचा धागा मात्र या राज्याबाहेर गेला, आणि तो आपल्यापर्यंत येतो. याच विद्यापीठातील चार्ल्स वेडमायर यांनी १९६४ मध्ये टपाल, रेडिओ, दूरध्वनी, छापील साहित्य आणि स्थानिक मार्गदर्शन यांची एकत्र योजना करून पाहिली. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याच्या उभारणीत त्यांच्या अनुभवाचा उपयोग झाला. त्या ब्रिटिश प्रतिमानावरून हैदराबाद (१९८२), इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, अशी परंपरा लागते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकचे ब्रीद वाचताना व्हॅन हाइसची आठवण होणे साहजिक आहे.

आपली जुनी विद्यापीठे वेगळ्या वंशावळीतली. व्हॅन हाइसच्या जन्मवर्षी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर: शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा विद्यापीठाने घ्यायची. त्याचीही सीमा मोठी होती, सिंधपासून कर्नाटकापर्यंत. पण ती संलग्नतेची सीमा होती, म्हणजे कोणाच्या उत्तरपत्रिका कुठे तपासायच्या याची. गंमत अशी की पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडनने संलग्नतेची अट काढून टाकली आणि कुठेही बसून अभ्यास करणाऱ्याला परीक्षेची वाट मोकळी केली. आपण अट ठेवली. घरी बसून शिकणाऱ्याला आपल्या विद्यापीठांत ‘बहिःस्थ’ म्हणतात, हा शब्दच पुरेसा बोलका आहे. विस्कॉन्सिनच्या सूत्रात बाहेरचा कोणी उरत नाही; आपल्या शब्दात तो उंबऱ्यापलीकडेच उभा असतो.

म्हणून आज आपल्याकडे २०२० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनंतर ऑनलाइन पदव्यांची दारे उघडली असताना, एखाद्या परदेशी अभ्यासक्रमाचे साचे जसेच्या तसे उचलण्यात काय सुटून जाते, हे पाहिले पाहिजे. विस्कॉन्सिनच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याला प्रत्यक्ष एखाद्या संस्थेत प्रकल्प करावा लागतो. बहुधा त्याच्याच गावातल्या, त्याच्याच ओळखीच्या. इचलकरंजीच्या रंगकामाच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्याने अशी पदवी घेतली, तर त्याच्या अभ्यासात पंचगंगेचे पाणी यायला हवे. ते आले नाही तर त्याने घेतलेले शिक्षण दूरचेच राहिले, मग ते मोबाइलवर कितीही जवळ दिसो.

खुद्द विस्कॉन्सिनमध्येही सूत्राचा अर्थ बदलतो आहे. राज्यातील दोन वर्षांच्या छोट्या महाविद्यालयीन केंद्रांची पटसंख्या घसरत गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये विद्यापीठसमूहाच्या अध्यक्षांनी रिचलंड सेंटर येथील केंद्रातील पदवीचे वर्ग बंद करण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ते बंद झाले. २०२४ मध्ये वॉशिंग्टन काउंटी आणि फॉन्ड्युलॅक येथील प्रत्यक्ष वर्गही थांबले. पटसंख्या आणि पैसा ही कारणे खरी होती. विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणाकडे वळत आहेत, असेही सांगितले गेले. विद्यापीठ जिथे नाही तिथे पोहोचावे म्हणून निघालेले साधन, जिथे होते तिथून ते उठताना कारण म्हणून पुढे केले गेले.

रिचलंड सेंटर हे शेतीच्या मुलखातले छोटे गाव आहे. तिथल्या इमारती विद्यापीठाच्या कधीच नव्हत्या. १९६० च्या दशकात काउंटीच्या लोकांनी आपल्या कराच्या पैशाने त्या उभ्या केल्या आणि शिकवायला विद्यापीठाला दिल्या होत्या.