होळकरांची केशरी मोटार

नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर होड्यांना नवा रंग चढतो. दहा होड्या एकाच सुताराने बांधलेल्या असोत, रंग आणि नाव ज्याच्या त्याच्या मर्जीचे! ही हौस पाहिली की मला हटकून इंदूरच्या यशवंतराव होळकरांची (१९०८-१९६१) मोटार आठवते.

विलायती मोटारींचा षोक त्या काळी पुष्कळ संस्थानिकांना होता. यशवंतरावांची तऱ्हा निराळी. १९३६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कारखान्याकडून घेतला तो नुसता सांगाडा आणि ३२० अश्वशक्तीचे म्हणून गाजलेले इंजिन. वरचा साज चढवला लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतरच तेरा फुटांच्या घरात, आणि पुढे बसायला जागा मात्र दोघांपुरती! रंग केशरी नि काळा. समोर एक तांबडा आणि एक निळा दिवा. आत महाराज आहेत की महाराणी, हे पहारेकऱ्यांना दुरूनच उमगावे म्हणून, असे सांगतात. वेग काय, पैसे टाकले की कोणालाही मिळतो. असले दिवे मात्र मालकाच्या डोक्यातूनच निघावे लागतात.

१९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि सलामीचे दिवस सरले. मोटार पुढे अमेरिकेतल्या संग्राहकांच्या हाती गेली. यंत्र माहेरी परतले खरे, पण अंगावरचा केशरी रंग अजून सासरचाच आहे.