जड क्लचचा हट्ट कशासाठी?

फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड व्ही-8 इंजिनामागे बोर्ग-वॉर्नरचा टी-5 हा पाच गिअरचा बॉक्स बसवणे अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या जगात आता नवलाचे राहिलेले नाही. फोर्डने हे इंजिन 1932 साली बाजारात आणले आणि अमेरिकी गाड्यांत ते 1953 पर्यंत टिकले. टी-5 मात्र 1980च्या दशकातला, मस्टँग, कॅमारो, शेवरोलेचा एस-10 पिकअप अशा गाड्यांतून निघालेला. त्याचा पाचवा गिअर ओव्हरड्राइव्हचा असल्याने हमरस्त्यावर जुन्या इंजिनाचे फेरे उतरतात, आवाज आणि झीज कमी होते. या जोडकामाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो क्लच निवडताना सर्रास मिळणाऱ्या सल्ल्याला: गिअरबॉक्स ज्या गाडीचा, क्लचही त्याच गाडीचा घ्या, आणि शंका आली तर त्याहून जड घ्या.

या मताच्या बाजूने तीन गोष्टी मांडल्या जातात. जुनी क्लचप्लेट नव्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतच नाही. मस्टँगचा क्लच टी-5 बरोबर कारखान्यातच पारखलेला आहे. आणि जड क्लच घसरणार नाही, मग ताकद थोडी जास्त असली तर बिघडले कुठे?

पहिल्या मुद्द्यातले निरीक्षण खरे, निष्कर्ष चुकीचा. जुन्या फोर्डच्या शाफ्टला 10 दाते आणि व्यास 1⅜ इंच. फोर्डच्या टी-5 ला दातेही 10, पण व्यास 1 1⁄16 इंच. कॅमारो व्ही-8 च्या बॉक्सला 26 दाते, एस-10 च्या बॉक्सला 14. म्हणजे बदलावा लागतो तो प्लेटचा मधला हब. प्लेटचा बाहेरचा व्यास फ्लायव्हील ठरवते आणि प्रेशर प्लेटचा दाब इंजिनाचा टॉर्क. क्लच बनवणारे हव्या त्या व्यासाच्या प्लेटवर हवा तो हब लावून देतात. हब बदलायचा म्हणून सगळा क्लच दुसऱ्या गाडीचा आणण्याचे कारण उरत नाही.

आता आकडे पाहू. क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींवर ठरते: अस्तराचा घर्षणांक, घासणाऱ्या दोन बाजू, स्प्रिंगचा दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या. 1949 नंतरच्या 100 हॉर्सपॉवरच्या फ्लॅटहेडचा टॉर्क सुमारे 244 न्यूटन-मीटर. दीडपट राखीव धरली तर 366. दहा इंची प्लेटची सरासरी त्रिज्या साडेदहा सेंटिमीटर आणि घर्षणांक 0.3 धरला, तर लागणारा दाब निघतो 590 किलोंच्या आसपास. घर्षणांक 0.25 इतका कमी धरला तरी हिशेब 710 किलोंवर थांबतो. उलट 1985 च्या पाच लिटरच्या मस्टँगचे इंजिन मुळातच 366 न्यूटन-मीटर देई. तिचा क्लच त्याच्यावर आणखी राखीव ठेवून बनवलेला. फ्लॅटहेडच्या राखीवीसह जी गरज, ती मस्टँगची रोजची हजेरी. कारखान्यात पारख झाली हे कबूल, पण ती त्या इंजिनासाठी झाली.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण नुकसान इथेच होते आणि ते उशिरा दिसते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना रेटते, प्लेट फ्लायव्हीलला, फ्लायव्हील क्रँकशाफ्टला. हा पुढे ढकलणारा जोर फ्लॅटहेडमध्ये मागच्या मेन बेअरिंगच्या कडांवर येतो. सिग्नलला पेडल दाबून उभ्या गाडीत इंजिन मंद फिरत असते, तेलाचा दाब कमी असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्या कडांवर सगळा भार असतो. दाब दुप्पट केला की हा भारही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. वर्षा-दोन वर्षांत क्रँक पुढे-मागे हलू लागतो, तेव्हा दोष इंजिनाच्या वयाला दिला जातो. पेडलचे जुने दांडे वाकतात, पिना झिजतात, ते वेगळेच.

मूळचा क्लच जसाच्या तसा ठेवा म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. फोर्डने बराच काळ लाँग कंपनीचा अर्ध-केंद्रोत्सारी क्लच वापरला. त्याच्या बोटांवर वजने असतात, त्यामुळे मंद फेऱ्यांत पेडल हलके लागते आणि फेरे वाढले की पकडही वाढते. जुन्या तीन गिअरच्या बॉक्सला हे चालून जाई. टी-5 च्या सिंक्रो रिंगांना मात्र क्लच चढ्या फेऱ्यांतही पूर्ण सुटायला हवा, नाहीतर प्रत्येक गिअर बदलताना झीज त्या रिंगांच्या अस्तराची होते. शिवाय 1985 पासूनच्या ‘वर्ल्ड क्लास’ टी-5 मध्ये ऑटोमॅटिकचे पातळ तेल भरतात. जुन्या बॉक्समधल्या जाड तेलात दात्यांची खडखड दबून जायची, इथे ती ऐकू येते. म्हणून प्लेटच्या हबला धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा हव्यात. नव्या बॉक्सची मागणी आहे ती स्वच्छ सुटण्याची आणि धक्के शोषण्याची. पकड वाढवण्याची मागणी त्याने कधी केलेलीच नाही.

माझी निवड म्हणून अशी: मूळ मापाची दहा इंची प्लेट, स्प्रिंगवाला हलका हब, नव्या शाफ्टचे दाते आणि बेताच्या दाबाची डायफ्रॅम प्रेशर प्लेट. फ्लायव्हीलला नवी भोके पाडून घ्यावी लागतील आणि ते प्रेशर प्लेटसह एकत्र बॅलन्स करून घ्यावे लागेल. सुपरचार्जर किंवा लांब स्ट्रोकचा मर्क्युरी क्रँक घातला असेल तर दाब वाढवावा, पण त्या इंजिनाचा टॉर्क मोजून.

बेलहाउसिंग क्रँकच्या मध्याशी जुळले आहे का, हे डायल गेज लावून पाहणेही पुष्कळ जण टाळतात. मध्य 0.125 मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर कोणताही क्लच नीट सुटत नाही, आणि मग पुन्हा आणखी जड क्लचची शिफारस होते.

आपल्याकडच्या जुन्या जीपनाही हेच लागू आहे. महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ज्यांच्या जुळणीपासून सुरुवात केली, त्या विलीज जीपच्या गो-डेव्हिल इंजिनाचा टॉर्क अवघा 142 न्यूटन-मीटर. साडेआठ इंची प्लेट आणि दीडपट राखीव धरून दाब लागतो 400 किलोंच्या आसपास. तिला पाच गिअरचा बॉक्स खुशाल बसवावा. पण त्याबरोबर डिझेल गाडीचा जड क्लच का घालायचा, हे सांगणाऱ्याने आकड्यांनी सांगावे.