गोचिडीचा दंश आणि माकडताप

नाहूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्याच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. तेथील भटकंतीनंतर कपड्यांवर किंवा पाळीव कुत्र्याच्या कानात गोचीड आढळणे नवलाचे नाही. मात्र प्रत्येक दंशातून आजार होत नाही. गोचिडीची जात, ती आधी कोणत्या प्राण्यावर पोसली आणि त्वचेला किती वेळ चिकटून राहिली, यांवर धोका अवलंबून असतो.

खरी काळजी घ्यायची ती गावी जाणाऱ्यांनी. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) त्यामागचा विषाणू शोधला. हाच माकडताप. दीर्घकाळ कर्नाटकापुरता राहिलेला हा आजार २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ बसली.

नावामुळे दोष माकडाला दिला जातो. वास्तविक तेही या रोगाचा बळीच. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात. माणसाला बहुधा चावते ती टाचणीच्या डोक्याएवढी, अपूर्ण वाढीची गोचीड. त्यामुळे दंश लक्षातही येत नाही. डिसेंबर ते मे हा तिचा काळ, आणि नेमका काजू-आंब्याचा हंगामही तोच.

दंशानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काहींना रक्तस्राव होतो, तर काहींना बरे वाटल्यावर पुन्हा ताप येऊन मेंदूवर परिणाम होतो. मृत्यूचे प्रमाण तीन ते पाच टक्के आहे. माणसाकडून माणसाला लागण होत नाही. विशिष्ट औषध नाही. जुन्या लशीचा वापरही अपुऱ्या परिणामामुळे २०२२ साली थांबला. कुत्र्यांवरील गोचिडींमुळे होणारा टिक टायफस निराळा. तो जिवाणूजन्य असून डॉक्सिसायक्लिनने बरा होतो.

चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, मग जागा साबणाने धुवावी. रॉकेल ओतणे वा काडीचा चटका देणे टाळावे. गावाहून परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आल्यास आपण कोठे गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मुंबईतील डॉक्टर आधी मलेरिया-डेंग्यूचाच विचार करणार.